मशीन जुनं करून मिळेल

पिंपळवंडीच्या दादाभाऊंचा मूळ धंदा जळालेल्या मोटारी भरण्याचा. विहिरीवरची मोटार जळाली की लोक ती त्यांच्या दुकानात आणून टाकत आणि दादाभाऊ तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता मोटारीतला दोष सोडून मालकाचे दोष सांगत. पुढे मोबाईल आले, तेही त्यांनी उघडले. एखादी वस्तू आपल्याला जमणार नाही, अशी शंका त्यांना आयुष्यात कधी आली नाही. वस्तूंना येत असावी.

२००७ च्या दिवाळीत त्यांच्या धाकट्या बहिणीचा, वृषालीचा, पहिला दिवाळसण होता. जावई भरतराव एका कारखान्यात नोकरीला होते, पण अजून कायम झालेले नव्हते. पाडव्याला ते सासरी आले ते साहेबांच्या मुलाचं हातात धरून खेळायचं गेमचं मशीन खिशात घालून. त्या मुलाने मशीनमध्ये खटपट करून बाहेरचे गेम चालवून घेतले होते. एके दिवशी पडद्यावर 'नवीन आवृत्ती घ्यावी' अशी सूचना आली. आईबापांचं कधी न ऐकणाऱ्या मुलाने ती मात्र ऐकली. नव्या आवृत्तीने आल्या आल्या मागचं दार बुजवलं आणि गेम बंद पडले. मुलगा जेवेना, साहेबांना कामावर शांतता मिळेना, तेव्हा भरतराव बोलून गेले, "आमचे मेव्हणे करतात की हे." सोमवारी मशीन परत द्यायचं होतं, आणि त्याच आठवड्यात कुणाला कायम करायचं ते साहेब ठरवणार होते.

"दाजी, मशीनला पुढं कुनीबी नेतं," दादाभाऊ म्हणाले. "मागं न्यायला मानूस लागतो. त्याच्या पोटात मूळचा प्रोग्राम असतो, फर्मवेअर म्हनत्यात. नवा काढायचा, जुना घालायचा. आमी त्याला उतारा म्हनतो."

'आमी' म्हणजे ते एकटेच.

"उतारा?" आतून त्यांच्या आई, लंकाबाई, ओरडल्या. "लिंबू देऊ का?"

नवा प्रोग्राम आपणहून जुन्याला जागा देत नाही, त्याला फसवावं लागतं. त्या फसवणुकीचं साहित्य दादाभाऊंनी नारायणगावच्या सायबर कॅफेतून आणलं होतं. मशीनची बॅटरी मरतुकडी होती, म्हणून चार्जर लावला.

"लाईट गेली तर?" भरतरावांनी विचारलं.

"दिवाळीत लोडशेडिंग न्हाई. पेपरात आलंय."

पेपरात आलं होतं ते खरंच होतं. निम्मं काम झालं असताना लाईट गेली, ती डीपीवरचा फ्यूज उडाला म्हणून. बॅटरीनेही लगेच मान टाकली. लाईट आल्यावर मशीनचा हिरवा दिवा लागला, पण पडदा काळाच राहिला. जुना प्रोग्राम पुरता आलेला नव्हता आणि नवा गेलेला होता.

भरतराव गोठ्यामागे जाऊन बसले.

लंकाबाईंना आनंद झाला. दिवाळसणाला जावई रुसला नाही तर तो सण कसला? त्यांनी अंगठी नेऊन जावयाच्या बोटात घातली. जावई उठले नाहीत. शेजारच्या कुशाबाई म्हणाल्या, "लंके, जावई लई पक्का हाय तुजा. अंगठीवर भागत न्हाई." तेव्हा घड्याळ नेलं. भरतराव अंगठी आणि घड्याळ घालून पूर्वीपेक्षा जास्त दुःखी दिसू लागले.

शेवटी वृषाली भावाकडे आली. "दादा, ह्ये रीतीचं रुसनं न्हाई. खरं हाय. मशीन बिघडवून परत दिलं तर साहेब ह्यांना कायम करील व्हय?"

दादाभाऊंनी हातातला चहा अर्धाच ठेवला. त्यांच्या बाबतीत ही फार मोठी शोकसभा होती. मग मोटारसायकल काढून ते नारायणगावला गेले, कॅफेवाल्याला फराळावरून उठवलं आणि मशीनच्या मेमरी कार्डात जुना प्रोग्राम भरून आणला.

भाऊबीजेला दुपारी त्यांनी बॅटरीचं कवच सुरीने उघडलं. "आता आइका," ते म्हणाले. "मशीन चालू व्हताना बॅटरीला नंबर इचारतं. नंबर सांगितला, म्हंजी घरचंच मानूस. मग त्ये सोताच्या पोटातलं वाचतं, आन तितं तर सगळा इस्कोट झालाय. पन बॅटरीनं नंबरच सांगितला न्हाई, तर त्याला वाटतं कंपनीचा दुरुस्तीवाला सायेब आला. मग त्ये मुकाट्यानं कार्डावरचं वाचतं."

"आणि बॅटरीला गप्प कसं बसवायचं?" भरतराव गोठ्यामागून येऊन उभे होते.

"नंबर सांगनाऱ्या चिपेचा एक पाय उचलायचा."

"आन पाय तुटला तर?" वृषालीने विचारलं.

"तर दाजींना मोटारी भरायला शिकवू."

भरतराव हसले नाहीत. दादाभाऊंनी शिवणाच्या सुईने केसाएवढा पाय उचलला. मोबाईलच्या सुट्या बॅटऱ्या भरायच्या चिमट्याच्या चार्जरवर बॅटरी पुरती भरली. मग कार्ड घातलं, बॅटरी बसवली. कुणी बटण न दाबताच मशीन जागं झालं. दादाभाऊंनी पडद्यावर विचारलेल्याला होकार दिला आणि कुणाला श्वास घ्यायलाही मनाई असल्यासारखा हात वर धरून बसले. पडद्यावर काम झाल्याचं आलं. उचललेला पाय त्यांनी डाग देऊन परत जोडला, नाहीतर मशीनला रोज दुरुस्तीवाला साहेबच आला असं वाटलं असतं. पुन्हा चालू केलं, तर जुनी आवृत्ती, आणि कार्डावरचे गेम जसेच्या तसे.

"झालं का नवीन?" लंकाबाईंनी विचारलं.

"जुनं झालं, आई."

"मग येवढं काय केलं तुमी दोन दिवस?"

सोमवारी मशीन साहेबांच्या घरी पोचलं. त्या आठवड्यात भरतराव कायम झाले, आणि महिना संपायच्या आत मुलाने नव्या आवृत्तीला पुन्हा 'हो' दाबलं. साहेबांनी भरतरावांना स्वतःच्या केबिनमध्ये बोलावून, खुर्ची देऊन, पगारी रजा मंजूर केली. रजेच्या अर्जावर 'कारण' या रकान्यात लिहिलं होतं : पिंपळवंडी.