सुयोगने उतरवलेल्या झांजा

मुलुंडमध्ये अजून सांगतात, सुयोग कुडाळकरने भर कार्यक्रमात गायक देवेशच्या डोक्यात झांज हाणली, चार टाके पडले. साफ खोटं. डोक्याला हातही लावला नाही. जे केलं ते जास्त झोंबलं.

चार रॉक बँडमध्ये ड्रम वाजवून झालेत सुयोगचे. पहिल्यातला गिटारवाला कॅनडाला पळाला. दुसऱ्यातल्या गायकाच्या सासऱ्यांना "तो धांगडधिंगा" नको होता. तिसरा हळदीच्या ऑर्डरी घ्यायला लागला, तिथे नवऱ्याचे मामा स्टेजवर चढून म्हणाले, "दे रे काठ्या, जरा मी पण!" दर वेळी सुयोग चडफडत घरी यायचा आणि उशी बडवायचा. सोसायटीत ड्रमला बंदी ना!

चौथा बँड देवेशचा. बोरीवलीच्या एका कॉलेजात कार्यक्रम. ड्रम आयोजकांचे असतात, पण त्यावर बसवायच्या झांजा ज्याच्या त्याने घरून आणायच्या. दुसऱ्याच गाण्यात सुयोगची काठी निसटली. आणि ठेका चालूच! देवेशच्या लॅपटॉपमधून.

सुयोगने दुसरी काठीही खाली ठेवली, दोन्ही हात वर केले. ठेका चालूच. पुढच्या रांगेतली पोरं फिदीफिदी हसली.

"वाजव ना यार!" देवेश माईक झाकून ओरडला.

"मी वाजवतोय? तुझा डबा वाजवतोय!"

"सेफ्टीसाठी रे. तू दिसतोस झकास, तेवढं पुरे."

"मी काय साडीच्या दुकानातला पुतळा आहे?"

मग भर गाण्यात, एकेक पेच फिरवून, सुयोगने झांजा उतरवल्या. सावकाश पिशवीत भरल्या. तो जिना उतरला तरी स्पीकरमधून झांजा झणझणतच होत्या. अख्ख्या कॉलेजला कळलं.

"मेल्याच्या टकलेत घालूची होतीस एक!" घरी मालनकाकू कडाडल्या.

"नको, आई. झांजेला पोचा आला असता."

मी त्यांचा शेजारी, सोसायटीत सगळ्यांच्या नकला करणं हा माझा उद्योग. मी म्हटलं, "दादा, महिन्याभरात तूच देवेशला फोन करशील."

"लाव पैज."

एकोणतिसाव्या दिवशी देवेशच खाली येऊन उभा. "सुयोग, लॅपटॉप काढून टाकला रे! ये ना!"

सुयोग खिडकीत आला. "मग आता झकास दिसायला कोण आहे तुझ्याकडे?" म्हणाला, आणि खिडकी धाडकन लावली.

हरणाऱ्याने महिनाभर कुणाचीही नक्कल करायची नाही, अशी पैज होती. हरलो मी. पण 'तोंडाने' एवढा शब्द मी आधीच घालून घेतला होता, म्हणून ही नक्कल लिहून.