भिंतीला एकदा वर खेळायचं होतं

आमच्या क्लबच्या गोलकीपरला सगळे 'भिंत' म्हणायचे. नव्या माणसाला वाटे, काय कौतुकाचं नाव आहे! खरी गोष्ट अशी की पहिल्याच सामन्यात त्याने सहा गोल खाल्ले होते आणि सहाही वेळा तो जागचा हलला नव्हता. तेव्हा एकाने वैतागून ठेवलेलं ते नाव. पुढे तो खरंच चांगला खेळू लागला, आणि नावातला टोमणा आपोआप गळून पडला.

पोटापाण्यासाठी तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर कुठल्या ना कुठल्या गच्चीवरच्या मशीनरूममध्ये, आणि मंगळवारी, गुरुवारी साडेपाचच्या ठोक्याला मैदानावर. कितीही हात धुतले तरी त्याचे ग्लोव्ह्ज आतून काळेच असत. असे सोळा हंगाम तो आमच्याकडून खेळला. सोळाही खालच्या लीगमध्ये.

वरच्या लीगमध्ये जायची संधी एकदाच आली होती. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. शेवटचा सामना होता, बरोबरी झाली असती तरी पुरलं असतं. सामना संपायला सहा मिनिटं असताना एक साधा, घरंगळत आलेला चेंडू त्याच्या हातांतून निसटला आणि पायांमधून आत गेला. नंतर ड्रेसिंगरूममध्ये त्याला कोणी अवाक्षर बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो मला पुढे एकदा म्हणाला.

वरच्या लीगचं मोठं मैदान त्याने पाहिलं होतं, पण तेही कामावर असताना. तिथली लिफ्ट बंद पडली म्हणून त्याला पाठवलं होतं. लिफ्ट चालू करून झाल्यावर तो खाली उतरला आणि हत्यारांची पिशवी खांद्याला तशीच अडकवून सरळ गोलपोस्टमध्ये जाऊन उभा राहिला. सगळ्या खुर्च्या रिकाम्या. त्याने हात वर करून आडव्या दांडीला टेकवले. तेवढ्यात पहारेकरी ओरडत आला, "अहो, गवतावर काय करताय? लिफ्ट तिकडे आहे!" ही गोष्ट तो आम्हाला हसत हसत सांगायचा. शेवटी मात्र दर वेळी एक वाक्य जोडायचा, "आवाज कसा येत असेल रे तिथे, लोक भरल्यावर?"

तर अशा माणसाच्या पस्तिसाव्या वर्षी आमच्याकडे पेन्सिल आला. एकोणीस वर्षांचा, काडीसारखा पोरगा. टायरच्या दुकानात कामाला होता, थोरल्या बहिणीकडे राहायचा. पहिल्या दिवशी त्याला पाहून आमचे प्रशिक्षक म्हणाले, "ह्याला आधी जेवायला घाला." आणि मग त्याच्या पायात चेंडू आला. पळता पळता तो असा थबकायचा की अंगावर धावून आलेला बचावपटू आपल्याच वेगाने पुढे निघून जायचा. अर्ध्या हंगामात त्याने सतरा गोल केले. आम्ही गुणांच्या यादीत पहिले होतो, आणि हंगामाअखेर पहिला येणारा संघ वरच्या लीगमध्ये जातो. इतक्या वर्षांत यादी वरून वाचायची सवयच राहिली नव्हती आम्हाला.

सराव संपला की भिंत त्याला थांबवून घ्यायचा. "वीस मार. दहा आत गेले तर चहा माझा." अंधार पडेपर्यंत दोघांचं चालायचं. त्या दिवसांत भिंत दहा वर्षांनी लहान दिसायचा.

हंगामाच्या मधल्या सुट्टीत वरच्या लीगमधल्या एका क्लबचं पत्र आलं. पेन्सिल त्यांना हवा होता, आणि आत्ताच हवा होता.

क्लबच्या खोलीत बैठक भरली. नुसता गोंधळ. अध्यक्षांचं म्हणणं, विकावं. प्रेक्षकांच्या बाकांवरचं छप्पर धोकादायक ठरवून अर्धं मैदान बंद केलं होतं, त्या पैशांत ते छप्पर तरी नवं होईल. प्रशिक्षक टेबलावर हात आपटून म्हणाले, "छप्पर घालाल हो, पण त्याखाली बसून बघणार काय? आणि तिकडे पोराला राखीव खेळाडूंच्या बाकावर बसवून ठेवतील." दोघांचंही पटण्यासारखं. शेवटी ठरलं की पोरालाच विचारायचं, जायचं असेल तर अडवायचं नाही. पेन्सिलला आत बोलावलं. त्याने सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "भिंतदादा म्हणेल तसं."

झालं! बाहेर पडताना अर्ध्या लोकांनी भिंतीच्या खांद्यावर हात ठेवला. प्रत्येकाचं एकच, "नऊ सामने उरलेत. थांबव त्याला."

घरी त्याची बायको पडदे शिवत होती. हा व्यवसाय तिचा. त्याने सगळं सांगितलं. मशीन न थांबवता तिने विचारलं, "तुला काय हवंय?"

"क्लबचं भलं."

"क्लबचं नाही विचारलं मी."

तो चहा करायला उठला.

रविवारी सकाळी तो पेन्सिलच्या घरी गेला. दार बहिणीने उघडलं. ती टपाल खात्यात पत्रं वेगळी करायची. जीभ धारदार होती. "या. पण मला एक सांगा, विकायचं विकायचं काय चाललंय? माझा भाऊ म्हणजे काय जुनं कपाट आहे?"

भिंत ओशाळला. आत पेन्सिल ओल्या हातांनी भांडी पुसत होता. भिंतीने येताना सगळं मनात जुळवून आणलं होतं. हंगाम संपेपर्यंतच थांब, ते लोक उन्हाळ्यात परत येतील, इतक्या लवकर गेलास तर बाकावर बसवून ठेवतील. त्यातलं निम्मंही बोलून झालं नाही.

"म्हणजे राहू?" पेन्सिलने विचारलं.

"राहा."

"बरं." आणि त्याने पुढचं ताट उचललं.

इतकं सोपं. भिंत जिना उतरला, तेव्हा त्याला आनंद व्हायला हवा होता. झालाही, कोपऱ्यावरच्या थांब्यापर्यंत. बसमध्ये बसल्यावर मात्र ते 'बरं' त्याच्या कानातून जाईना. पोरगा काही विचारेल, वाद घालेल, निदान एकदा खिडकीबाहेर बघेल, असं त्याला वाटलं होतं. त्याने भांडी पुसणंसुद्धा थांबवलं नाही. एवढा विश्वास आपल्यावर, आणि आपण काय केलं? तीन थांबे पुढे जाऊन तो उतरला आणि चालत मागे आला.

या वेळी पेन्सिलनेच दार उघडलं.

"मघाशी मी माझ्यासाठी बोललो," भिंत उंबऱ्यातूनच म्हणाला. "मला वर खेळायचंय. एकदाच. तू असलास तर या वर्षी जमेल, आणि माझे गुडघे पुढच्या वर्षी नसतील. बाकी सगळं मी वरून चिकटवलं. तू जा."

पेन्सिलचा चेहरा लाल झाला. "मघाशी राहा, आता जा! वर-खाली करायला मी काय लिफ्ट आहे?"

"चिडू नकोस..."

"का नको? तुला वर खेळायचंय हेच सांगितलं असतंस ना दादा, तर मी थांबलो असतो. तुझ्यासाठी थांबलो असतो. आधी भलतीच कारणं सांगितलीस, आता कसा थांबू?"

आतून बहीण म्हणाली, "निदान आत येऊन भांडा." पण भिंत जिना उतरून गेला.

चार दिवसांनी पेन्सिलने सही केली आणि गेला. आमच्या सगळ्यांशी हात मिळवले. भिंतीशीही मिळवला, पण मान वर केली नाही.

त्या हंगामात आम्ही पाचवे आलो. छप्पर झालं, चांगलं झालं, हिरव्या पत्र्याचं. भिंतीच्या गुडघ्यांनी आणखी सात महिने कशीबशी साथ दिली. मग एका शनिवारी त्याने ग्लोव्ह्ज दुसऱ्याला दिले आणि क्लबमधून तो नेहमीच्याच बसने घरी गेला. तिकडे पेन्सिल पहिलं वर्षभर बाकावरच बसून होता. ते ऐकून प्रशिक्षक म्हणाले, "सांगितलं नव्हतं?" भिंत मात्र दर सामन्याला मशीनरूममध्ये डबा उघडून मोबाइलवर बघायचा. दुसऱ्या वर्षी पोरगा खेळायला लागला. खेळायला कसला, धावायला लागला तिथल्या लोकांच्या मनात.

पण फोन नाही. भिंतीनेही केला नाही. नंबर काढायचा आणि ठेवून द्यायचा.

फोन आला तो दोन वर्षांनी, एका संध्याकाळी, काही प्रस्तावना न करता. "दादा, एक सांग. पेनल्टीच्या वेळी तू मारणाऱ्याचं काय बघायचास? पाय की डोळे?"

"कंबर," भिंत म्हणाला. "कंबर खोटं बोलत नाही."

मग पंधरा मिनिटं दोघं कंबर, पाऊल, धाव याच्यावरच बोलत राहिले. त्या रविवारचा विषय कोणी काढला नाही. ठेवताना पेन्सिल म्हणाला, "इथे फार आवाज असतो, दादा. स्वतःचा श्वास ऐकू येत नाही." भिंत म्हणाला, "असणारच."

फोन ठेवून तो खुर्चीत बसून राहिला. बायकोने तोंडातल्या टाचण्या काढून विचारलं, "काय म्हणत होता?"

"पेनल्टीचं विचारत होता." मग तो म्हणाला, "मी बरोबरच सांगितलं त्याला, जा म्हणून."

"हो."

"तरी एकदा वर खेळायला मिळायला हवं होतं गं."

"हवं होतं," ती म्हणाली, आणि पडद्याचं एक टोक धरायला त्याच्या हातात दिलं.