टँकरच्या रांगेत गेलेला डोळा

मुलांनो, मोतीबिंदू म्हातारपणाने होतो. डोळा घालवायला मात्र घरची माणसं लागतात. लातूर जिल्हा नवा होता, दुष्काळ होता, आणि माझ्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. वाकू नका, ओझं उचलू नका, असं डॉक्टरांनी सगळ्यांसमोर बजावलं होतं. टँकर आला. ओट्यावर गप्पा ठोकत बसलेल्या दिरांना मी म्हटलं, "भावजी, एक घागर घ्या."

"बायकांच्या रांगेत उभं राहू व्हय, वहिनी? गाव हसंल की!"

मी रांग धरायला पुढे धावले. एक घागर भरून मी दुसरी लावतेय तोवर मागून सासूबाई हिरव्या पट्टीनिशी आल्या आणि त्यांनी वाकून भरलेली घागर उचलली. टाके उसवले, डोळा गेला. दीर पुढे वर्षभर त्याच ओट्यावर सांगत होते, "नव्या जिल्ह्याचे डॉक्टरच कच्चे!"