शेणवाडी, शाईनवाडी आणि बी विंग

दुसऱ्याच्या शेणावर जळू नये, एवढं कळायला मला बी.ए. होऊनही पन्नाशी गाठावी लागली.

आमच्या उमेळ्यात प्रत्येक वाडीला नाव असे. आमची मोगरवाडी. तिथे खरोखर मोगरा फुलत असे. तिला लागून चुलतभाऊ वसंताची शेणवाडी. तिथे अर्ध्या गावाच्या शेणाचा ढीग. पुढे तिथे केळी आली, मग वांगी, मग नुसतं गवत. आणि शेवटी दोन्ही वाड्यांवर मिळून एकच कॉम्प्लेक्स आलं. बिल्डरच्या माणसाने वसंताला जागेचं नाव विचारलं. आमच्याकडे घरी 'ण'चा 'न' होतो. वसंता म्हणाला, "शेनवाडी." त्या माणसाने लिहिलं 'शाईनवाडी' (इंग्रजी माध्यमाचे कान!). गेटवर सोनेरी अक्षरं चढली.

आणि आमचा मोगरा? तो झाला बी विंग.

वसंता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "आमच्याच वाडीचं नाव हाय." मी बी विंगच्या लिफ्टमध्ये शिरून दात खात असे.

अशात सोसायटीने ठरवलं, गेटपाशी वाड्यांच्या इतिहासाचा फलक लावायचा. वसंताच म्हणाला, "प्रकाश, आपल्या घरातला पहिला बी.ए. तू. तूच लिही."

गुरुजींच्या कृपेने माझं शुद्धलेखन पक्कं. मी ठसठशीत 'ण' काढून लिहिलं, 'या जागेचे मूळ नाव शेणवाडी. येथे गावाचे शेण साठवले जाई.' मोगऱ्यावर मात्र दोन परिच्छेद.

अनावरणाला वसंताची आई, म्हणजे आमची मोठीआई. पडदा सरकला, सेक्रेटरींनी फलक मोठ्याने वाचला. मी वसंताचा चेहरा पडण्याची वाट बघत होतो.

सी विंगच्या एक बाई म्हणाल्या, "म्हणजे आपली जमीन ऑरगॅनिक आहे?"

टाळ्या पडल्या. वसंताला शाल मिळाली. माझा तोल गेला. माईक ओढून मी म्हणालो, "अहो, पण वास यायचा! नाक धरून जावं लागे तिथून!"

"यायचा ना, कोन नाही म्हनतंय?" मोठीआईने माईक घेतला. "पन शेन कोनाचं? आमच्याकडं एक म्हस नव्हती. ह्याच्या घरी सात. रोज शाळेच्या आधी डोक्यावर टोपली घेऊन हाच यायचा टाकायला. बिचारा कधी चुकला नाही. मग त्याच ढिगातलं खत नेऊन ह्यांचा मोगरा फुलायचा."

सेक्रेटरी माझ्याकडे वळले. "सर, एवढी महत्त्वाची माहिती तुम्ही गाळलीत?"

फलक पुन्हा रंगवला गेला. गेटवर आमचं नाव नाही, हीच माझी तक्रार होती ना? ती मिटली. शेवटची ओळ आहे, 'शेण आणून टाकणारे : श्री. प्रकाश, बी.ए., बी विंग.' पदवी वसंताने आग्रहाने घालायला लावली. म्हणाला, "कष्टाची हाय रे, राहू दे."

ओळीत शुद्धलेखनाची एकही चूक नाही. तपासायला माझ्याकडेच दिली होती.