न दुखणारी गाठ

लग्नानंतर कितीतरी वर्षं आमच्या मेडिकलच्या भिंतीवर माझं फार्मसिस्टचं रजिस्ट्रेशन फ्रेम करून टांगलेलं होतं आणि मी घरी होते. मुलगी लहान, सासूबाईंचे गुडघे गेलेले. काउंटरवर नवरा बसायचा. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी दुपारचं दुकान सांभाळू लागले.

थोड्याच दिवसांत धरणाकाठच्या वाडीतली एक मावशी आली. पाटीत मासे घेऊन रिसॉर्टांच्या दारोदार हिंडायची, म्हणून सगळे तिला ओळखत. दुकानात दुसरं कोणी नाही असं बघून ती म्हणाली, "गाठीवर लावायचं मलम द्या, ताई."

"गाठ कुठं आहे?"

तिने पदराआडून छातीवर हात ठेवला. "दुखत न्हाई, तेवढं बरं हाय."

मी तिला मागे, औषधांच्या खोक्यांच्या आडोशाला नेलं. तिने दाखवलं. एका जागी कातडी आत ओढली गेली होती आणि काखेतही फुगवटा दिसत होता. 

"मावशी, याला मलम चालत नाही. न दुखणारी गाठ तर आधी डॉक्टरांना दाखवायची असते. कधीपासून आहे?"

"मागल्या लावणीला हाताला लागली. तवा आले होते हितं. तुमचं मालक बसलेले. त्यास्नी कसं सांगायचं? बाई कवा येत्यात म्हून इचारलं, तर म्हनले, ती घरीच असती. मग बाम घेतला न् गेले."

रात्री जेवताना मी नवऱ्याला विचारलं. त्याला आठवत होतं. "वाटलं, तुझ्या ओळखीची असेल," तो म्हणाला आणि ताटावरून उठला. त्याचं तरी काय चुकलं होतं? आमचं घर दुकानाच्या मागच्याच आळीत आहे. हाक मारली असती तर मी आले असते.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर सरकारी दवाखान्यात गेले. तिथून तिला पुण्याला पाठवलं. ऑपरेशन झालं, केमो झाली. लवकर यायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा तिने माझ्याकडे न बघता नुसती मान हलवली.

ऑपरेशननंतर त्या बाजूचा हात सुजल्यामुळे माशांची पाटी सुटली. मग दुपारी ती आमच्या बाकावर येऊन बसायची. औषधाला आलेल्या बायकांना म्हणायची, "तिच्याशी बोला गं. बाई हाय ती, लाजू नका." तिच्यामुळे बायका मागे खोक्यांच्या आडोशाला येऊ लागल्या. पाळी संपल्यावर बोटं सपाट ठेवून छाती कशी चाचपायची, काखेपर्यंत कसं बघायचं, हे मी तिथंच उभी राहून दाखवायचे. लहानसहान बदलही लपवू नका, हे पुन्हा पुन्हा सांगायचे.

पुढे आजार तिच्या मणक्यात उतरला. भात कापणीला आला होता तेव्हा ती घरीच वारली.

यंदा तिच्या सुनेला छाती चाचपताना गाठ लागली. दुसऱ्याच दिवशी ती माझ्याकडे आली. तपासण्या झाल्या, गाठ साधी निघाली. ते सांगायला आली तेव्हा तिने पेढे आणले होते.

"घ्या ना ताई," ती म्हणाली.

मी एक हातात घेतला, पण मावशीने तेव्हा नेलेला बाम आठवला आणि खाववेना. ती गेल्यावर पुडा घरी मुलीकडे दिला.