वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसलेला लांडगा

मंडळी, आधीच सांगतो... या सदरातले अनुभव मी वाचतो ते करमणूक म्हणून. पांढरी साडी, उलटे पाय, विहिरीवरची बाई — माझा कशावरही विश्वास नाही. मी धनगराचं पोर. पुढे तीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून काढली. जनावर काय करतं आणि का करतं, एवढंच माझं शिक्षण. पण एका जनावराचं 'का' मला अजून सापडलेलं नाही. ते माझ्या वडिलांच्या शेवटच्या आठवड्यातलं आहे. वयाची ऐंशी उलटली, आता नाही लिहिलं तर कधी लिहिणार?

महायुद्ध नुकतंच संपलं होतं. दिवाळी होऊन महिना झालेला. जागा — पारनेर तालुक्यात सुपे आणि राळेगणसिद्धीच्या मधला माळ. आमच्याबरोबर फिरणारी चार बिऱ्हाडं गोदावरीकडे पुढे निघून गेली होती. आमच्या बऱ्याच मेंढ्या विण्यावर आल्या होत्या, म्हणून आम्ही मागे राहिलो. आम्ही म्हणजे आबा आणि मी. आई मी लहान असतानाच गेलेली, बहिणी लग्न होऊन लांब. दोन माणसं, दोन कुत्री, एकशे चाळीस मेंढरं. दिवसभरात आमच्यात दहा शब्द व्हायचे नाहीत. दिवस कलला की मला उगाच गलबलून यायचं... एकोणीस वर्षांचा होतो, कुणाला सांगणार?

आता थोडं लांडग्याबद्दल. गोष्टींतला लांडगा बोलतो, वेष बदलतो आणि शेवटी मूर्खासारखा फसतो. असला लांडगा मी तरी पाहिला नाही. माळावरचा लांडगा भित्रा. बिबट्यासारखी नखं नाहीत, झाडावर चढता येत नाही, एकटा असला तर माणसाच्या एका आरोळीला शेपूट घालतो. पण नाक आणि चिकाटी विचारू नका! कळपातलं कुठलं जनावर आतून पोखरलंय हे मालकाच्या आधी त्याला कळतं. आणि एक नियम तो सहसा मोडत नाही — तो वाऱ्याच्या खालच्या अंगाने येतो. म्हणजे आपला वास त्याच्याकडे जातो, त्याचा वास आपल्याकडे येत नाही. म्हणून मुक्कामाला पोचलं की आमचे लोक आधी मूठभर माती हातातून सोडतात, आणि ती उडेल त्या बाजूला कुत्री बांधतात. त्या दिवसांत वारा उगवतीचा होता, म्हणून आमची कुत्री मावळतीला.

तर एका सकाळी मेंढीचं दूध काढताना मान वर केली, तो उगवतीच्या टेकाडावर लांडगा बसलेला. भर उन्हात, उघड्यावर. वारा त्याच्याकडून आमच्याकडे.

मला हसू आलं. म्हटलं, "आबा, ह्यो येडा दिसतोय. वाऱ्याच्या वर बसलाय."

आबांनी डोळ्यांवर हात धरून बघितलं. "म्हातारा हाय. एकटा पडलाय," म्हणाले, आणि परत कासेला हात घातला.

मग माझ्या ध्यानात आलं — कुत्री भुंकत नाहीत. वास सरळ त्यांच्या नाकात जातोय आणि ती खुशाल लोळतायत. मेंढरं रवंथ करतायत. एरवी लांडग्याच्या वासाने मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली घुसतात. मी मूठभर माती सोडून बघितली. तीनदा बघितली. वारा उगवतीचाच होता.

दुसऱ्या दिवशी तो तिथेच. तिसऱ्या दिवशीही तिथेच. दुपार कलेपर्यंत बसायचा आणि निघून जायचा. मी म्हटलं, "आबा, कळपात कायतरी रोग शिरलाय. त्येला वास लागलाय."

"मग तपास की," आबा म्हणाले.

तपासलं. एकेक मेंढरू दोन पायांत धरून पापणी उलटली, जीभ बघितली, खुरांच्या बेचक्या बघितल्या. कंबर मोडली, पण एकशे चाळीसच्या एकशे चाळीस ठणठणीत निघाली. आबा बाभळीखाली बसून एका नुकत्याच जन्मलेल्या कोकराला दूध पाजत होते. म्हणाले, "समदी झाली? मग आता माझी पापनी ऱ्हायली बघ." आम्ही दोघंही खूप हसलो. किती तरी दिवसांनी हसलो.

चौथ्या दिवशी मी काठी घेऊन टेकाडावर गेलो. वीस पावलांवर पोचेपर्यंत तो हलला नाही. एक कान फाटका, बरगड्या मोजून घ्याव्यात इतका वाळलेला. माझ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं, माझ्या बाजूने पलीकडे बघत होता. दगड मारला तेव्हा उठला, थोडं सरकून पुन्हा बसला. बसल्या जागी गवत दबलेलं, कुसळांत केस अडकलेले, मातीत ठसे. म्हणजे भूतबित काही नाही, हाडामांसाचं जनावर. मी वळून त्याची नजर कुठे जाते ते बघितलं. खाली बाभळीखाली आबा बसले होते.

त्या क्षणी आबांना काही होणार, हे मला कळलं... आणि कळूनही मी धनगरासारखाच विचार केला. आम्ही माणसं मेलेल्या कोकराचं कातडं दुसऱ्या पोरक्या कोकरावर घालतो आणि त्या वासावर मेलेल्याच्या आईला फसवून त्याला पाजायला लावतो. जनावराला चकवायचं तर वासानेच, एवढी आमची अक्कल.

पाचव्या दिवशी म्हटलं, "आबा, आज तुमची घोंगडी मला द्या. थंडी वाजतीय."

आबांनी माझ्याकडे बघितलं आणि घोंगडी दिली. माझी त्यांच्या अंगावर घातली. मी त्यांची घोंगडी गुंडाळून, त्यांचं मुंडासं बांधून मेंढरं मावळतीला लांब नेली. तिथून वळून बघितलं. लांडगा जागचा हलला नव्हता. तोंड आबांकडेच.

परत आल्यावर घोंगडी द्यायला गेलो, तर आबा म्हणाले, "लेका, ते जनावर वासावर आलेलं न्हाई. बसू दे त्येला. लई दिसांनी कुनीतरी माझ्याकडं एवढं बगतंय."

मी घोंगडी त्यांच्या खांद्यावर टाकली. इतके महिने मी माझंच एकटेपण कुरवाळत होतो. समोरचा माणूस माझ्याइतकाच एकटा आहे, हे मनात आलंच नव्हतं. फार लाज वाटली.

सहाव्या दिवशी सकाळी मी हट्टच धरला. "आबा, सुप्याला चला. वैद्याला दावू."

"मला काय धाड भरलीय? मेंढरं तानली हायती, पानी पाजून आन. मग बगू."

जवळचा ओढा आटला होता, विहीर दीड मैलावर. मी निघालो. कुत्री मुद्दाम आबांपाशी ठेवली. जाताना वळून बघितलं तर आबांनी हात वर केला.

सूर्य माथ्यावर यायच्या आत परतलो. आबा बाभळीला टेकून बसले होते. हाक मारली, ओ आली नाही. अंगाला हात लावला आणि कळलं... कुठे खरचटलेलंही नव्हतं. चेहरा शांत होता.

टेकाडावर कोणी नव्हतं. ठसे टेकाडावरून खाली उतरून आबांच्या समोर हातभर अंतरावर आले होते. तिथे तो बसला होता, दबलेलं गवत स्पष्ट दिसत होतं. मग ठसे आले तसेच परत गेले होते. शेजारी वाघूर — म्हणजे आमचं जाळीचं कुंपण — त्यात अकरा कोकरं होती. उपाशी लांडग्याला एका उडीचं काम. अकराच्या अकरा तशीच होती. कुत्री दहा पावलांवर पडलेली, मला बघून शेपट्या हलवायला लागली. आबांचा उजवा हात पुढे पसरलेला होता, त्या ठशांच्या बाजूला.

मेंढरं पुढे घोडेगावच्या बाजारात विकली आणि मी माळ सोडला. लांडगा परत दिसला नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांना एकदा हे सांगितलं. ते म्हणाले, आजाराचा वास जनावरांना येतो, त्यात नवल काय? बरोबर आहे. पण वारा उलटा होता, त्याला काय करायचं? कुत्री का गप्प राहिली? नातू म्हणतो, "आजोबा, योगायोग." म्हणू दे. मला यातलं कुठलंच लॉजिक पुरत नाही, आणि आता पुरेल अशी आशाही नाही.

एवढंच आहे की माझे वडील गेले तेव्हा त्यांच्या समोर कोणीतरी बसलेलं होतं. तो मी नव्हतो. त्या लांडग्याचा राग धरावा की त्याचे उपकार मानावेत, हे मला आजही ठरवता येत नाही.