पायरीवरचा पाय

एक पाय रस्त्यावर, एक एसटीच्या पायरीवर आणि हात दाराच्या दांड्याला. नव्वदच्या दशकात तुम्ही एसटीने भीमाशंकरच्या अभयारण्यात गेला असाल, तर तळेघरच्या वरच्या फाट्यावर ही बाई तुम्हालाही आडवी आली असेल. तुम्ही वैतागलाही असाल. "थांब रं भाऊ, माणूस येतंय," एवढंच ती कंडक्टरला म्हणायची. पाय पायरीवर असेपर्यंत घंटी वाजत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

येणारं माणूस बहुधा दरीपलीकडच्या वाडीतून नुकतंच निघालेलं असायचं. एकदा तर ताटकळून ताटकळून नुसतं हिरड्याचं पोतंच आलं. कंडक्टर कातावला, तेव्हा पोत्यामागं माणूसच असतंय की, असं तिनं त्याला शांतपणे ऐकवलं. मी तेव्हा वर वनखात्याच्या ऑफिसात कारकून होतो, घर घोडेगावला. गाड्या मोजक्याच, त्यामुळे तिच्या पायाच्या कृपेने मीही कितीदा धापा टाकत गाडी गाठली आहे.

श्रावणातल्या एका रविवारी परतीची गाडी खच्चून भरली होती. जंगल बघायला, धबधब्यात भिजायला आलेली पुण्याची मंडळी घराच्या ओढीने चुळबुळत होती. फाट्यावर तिने पाय ठेवला आणि नेहमीचंच वाक्य म्हणाली. आवाज मात्र आज खालचा होता. आतून ओरडा सुरू झाला. कंडक्टरही कावला होता. "मावशी, तुमचं माणूस रोजच येतंय," तो म्हणाला.

कोण येतंय, ते तिने सांगितलं नाही. तिच्या वाडीत बाळंतपणाला निघालेल्या बाईची वाच्यता परक्यांपुढे करत नाहीत, दृष्ट लागते म्हणून. ओल्या उतारावरून चौघेजण तिच्या सुनेला झोळीत घालून आणत होते. मीही त्याच गाडीत होतो, पण आमच्यापैकी कुणाला ते माहीत नव्हतं.

दारातल्या एका भल्या पोराला म्हातारी पडेल असं वाटलं. "आजी, आत या," म्हणत त्याने तिला दोन्ही हातांनी वर ओढून घेतलं. दार लागलं, घंटी झाली. उतरू द्या, उतरू द्या, असं ती म्हणत राहिली, पण त्या गर्दीतून दारापर्यंत पोचेस्तोवर तळेघर आलं. उतरून ती तशीच चढावर पळत सुटली.

सून वाटेतच गेली, पोटातल्या बाळासकट. मला अजून राग येतो आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही. त्या पोराने तर आधारच दिला होता.

पुढे ती घोडेगावला पायीच जाऊ लागली. एकदा डोक्यावर बोचकं घेऊन चाललेली दिसली, तेव्हा कंडक्टरने गाडी हळू करायला लावली आणि तो स्वतः दार उघडून उभा राहिला.

"मावशी, चढा. जागा हाय."

"नको भाऊ. तुमाला उशीर व्हईल."

टोमणा नव्हता त्यात. ती खरंच तसं म्हणाली. ड्रायव्हर तिला मागे न टाकता गाडी तिच्या चालीनेच मागोमाग चालवत राहिला. थोड्या वेळाने तीच रस्ता सोडून पायवाटेला लागली, गाडीला पुढे जाता यावं म्हणून.